नामदेव धावले, आपली मुले कधी धावणार?



कुत्रा पोळी पळवतो आणि संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. कोरडी पोळी खाऊ नकोस रे बाबा, थोडे तूप तरी घे, असे म्हणत धावणारे नामदेव आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. भूतमात्रांत देव पाहावा, हे त्या गोष्टीचे तात्पर्य. काही दिवसांपूर्वी मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात आम्ही ही गोष्ट मुलांना सांगितली. इथे जन्मलेली, इथेच वाढणारी ही मुले. गोष्ट संपल्यावर एका चिमुरड्याने हात वर करून विचारले, "पण ते किती लांब पळाले? दमले नाहीत का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी येताना गाडीत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आपल्याला त्या गोष्टीतले तूप आठवते, पोळी आठवते, भक्तिभाव आठवतो. धावणे मात्र कोणी लक्षात घेत नाही. आणि आजचा आमचा विषय नेमका तोच आहे. आपली मुले धावत नाहीत, चालतसुद्धा नाहीत, आणि त्यांना घराबाहेर काढण्याचे एक साधे, बिनखर्चाचे, चार पायांचे साधन शेजारच्या घरातच शेपटी हलवत बसलेले असते. त्याच्याकडे आपण मराठी मंडळी अजून संशयानेच पाहतो.

आधी आमच्या घरचीच कर्मकथा सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना उपदेश करतो असे वाटणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या नावाने एक पत्र आले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्गात मुलांची उंची व वजन मोजतात, हे शाळकरी मुलांच्या पालकांना ठाऊक आहेच. त्या पत्रात सौम्य शब्दांत लिहिले होते, की आपल्या मुलीचे वजन तिच्या वयाच्या मानाने जास्त आहे. आम्ही दोघेही भडकलो. "आपल्या घराण्यात सगळे हाडापेराने मोठेच आहेत," असे एकाने म्हटले. "यांना काय कळते आपल्या मुलांचे," असे दुसऱ्याने. ते पत्र फ्रिजवरच्या बिलांच्या गठ्ठ्यात गेले. आठ दिवसांनी आमच्यापैकी एकाच्या रक्ततपासणीचा निकाल आला : मधुमेह. वय बेचाळीस. मग मात्र आम्ही ते पहिले पत्र गठ्ठ्यातून काढून पुन्हा वाचले, आणि या वेळी कोणी भडकले नाही.

आपल्या लोकांच्या या दुखण्याचा अभ्यास आपल्याच पुण्यात झाला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इथल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तिकडची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, इकडची सुमारे ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळे दिसायला किरकोळ. पण कमी होते ते स्नायूंचे आणि पोटातल्या अवयवांचे वजन. चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. बारीक पण चरबीदार, असे हे बाळ. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आपला स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा "आमचा मुलगा तर काटकुळा आहे, त्याला काय होणार," असे म्हणणाऱ्या पालकांनी हा फोटो मनात ठेवावा. काटकुळेपणा हे आपल्याकडे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. लंडन, बर्मिंगहॅम आणि लेस्टर या तीन शहरांतल्या शाळांमधून ९-१० वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली. मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारे छोटे यंत्र बांधून दोन हजारांहून अधिक मुलांची दिवसभराची पावले मोजली. २००९ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या आणि आफ्रिकन-कॅरिबियन मुलांपेक्षा दक्षिण आशियाई मुले कमी हालचाल करतात, आणि सर्वच समाजांत मुलग्यांपेक्षा मुली कमी. म्हणजे दोन्हींचा हिशेब जमेला धरला तर सर्वांत कमी चालणारी कोण? आपल्याच लेकी. जन्मतःच ज्यांच्या अंगात चरबी टिकून राहते, त्यांनीच सर्वांत कमी हलायचे, असा हा उफराटा कारभार आहे.

यात मुलांचा दोष किती आणि आपला किती, याचा विचार प्रामाणिकपणे करायला हवा. आमच्या घरचे वेळापत्रक पाहा. शाळेत गाडीने, शाळेतून गाडीने. सोमवारी गणिताची शिकवणी, मंगळवारी व्हायोलिन, बुधवारी निवड परीक्षेची तयारी, गुरुवारी पोहणे (त्यात अर्धा वेळ कपडे बदलण्यात), शुक्रवारी भरतनाट्यम. शनिवारी कोणाकडे तरी जेवण आणि रविवारी मंडळ. आणि या सगळ्या ठिकाणी जायचे कसे? गाडीने. उरलेल्या वेळात हातात फोन नाहीतर टॅब्लेट. आपण लहानपणी कधी 'व्यायाम' केला होता? नाही. पण लगोरी, लंगडी, आबाधुबी, डबडा ऐसपैस, सायकलचे भाड्याचे तास, शाळेपर्यंतची दोन मैलांची चाल, वाण्याकडे चार वेळा पळणे, हे सगळे होते. दिवेलागणीला आईने हाका मारल्याशिवाय घरात कोण येत होते? इथे हिवाळ्यात चारलाच दिवेलागण होते आणि हाका मारायला मूल मुळी बाहेरच नसते.

ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१९ साली सांगितले आहे, की ५ ते १८ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. साठ मिनिटे! आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि आमच्या लेकीचा हिशेब मांडला. शाळेतली मधली सुट्टी धरूनही तो पंचवीसच्या वर जाईना. मग आम्ही इतरांसारखेच केले. तिला टेनिसला घातले. तीन आठवड्यांत सुटले. नेटबॉलला घातले. "मला बॉल कोणी देतच नाही," म्हणून रडत आली. घरात चालायचे यंत्र आणले. त्यावर आज कपडे वाळतात.

आणि मग टोबी आला. म्हणजे आमच्या घरी आला नाही. तो शेजारच्या आजीबाईंचा, काळा लॅब्राडोर. आजीबाईंच्या खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया ठरली आणि त्यांना काळजी पडली, की सहा आठवडे टोबीला फिरवणार कोण. दिवसातून दोनदा तरी त्याला बाहेर न्यावेच लागते. कुंपणापलीकडून त्या आम्हाला हे सांगत असताना आमच्याआधी आमची लेकच बोलली, "वी कॅन डू इट!" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्यापैकी एकाला लहानपणी साताऱ्यात कुत्रा चावलेला. दुसऱ्याने उभ्या आयुष्यात कुत्र्याच्या अंगाला हात लावलेला नाही. पण शेजारधर्म होता, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.

पहिल्या दिवशी कोण कोणाला फिरवत होते, हे सांगणे कठीण होते. टोबी पुढे, लेक मध्ये, आम्ही मागे छत्री सांभाळत. दुसऱ्या दिवशी पाऊस. आम्ही म्हटले, आज राहू दे. लेक म्हणाली, "बाबा, त्याला कुठे कळते पाऊस आहे ते?" तेव्हा आमच्या लक्षात आले, की टेनिसला, नेटबॉलला आणि त्या चालायच्या यंत्राला जे जमले नाही ते कुत्र्याला का जमते. यंत्राला सबब सांगता येते. यंत्र दाराशी येऊन कण्हत नाही, तोंडात दोरी धरून तुमच्याकडे टक लावून बघत नाही. आणि खेळाच्या मैदानावर मूल चांगले खेळते की वाईट, याकडे दहा डोळे लागलेले असतात. कुत्र्याला तुमची लेक धावण्यात कितवी आली याच्याशी कर्तव्य नसते. ती आली, यातच तो भरून पावतो. जे मूल खेळात मागे पडते, लाजते, जाडेपणावरून चिडवले जाते, त्याला अशा सोबत्याची किंमत जास्त.

सहा आठवडे संपले. आजीबाई काठी टेकत हिंडू लागल्या. पण आमची संध्याकाळची फेरी चालूच राहिली, कारण आता ती बंद करू म्हणण्याची आमची प्राज्ञा नव्हती. आज त्याला पावणेतीन वर्षे झाली. लेकीचे वजन जादूने उतरले, असे आम्ही सांगणार नाही. ते हळूहळू तिच्या उंचीला शोभेसे होत गेले. पण लिकी हिल्सची जी चढण ती पूर्वी तीनदा बसून चढायची, ती आता टोबीच्या मागोमाग एका दमात चढते आणि वर उभी राहून आम्हाला हाका मारते. मधुमेहवाल्याच्या साखरेचे आकडेही सुधारले. डॉक्टरांनी विचारले, काय बदल केला? आम्ही म्हटले, शेजारचा कुत्रा. आणखी एक लाभ आम्ही मोजलाच नव्हता. समोरासमोर बसवून "शाळेत काय झाले?" असे विचारले, की "नथिंग" याच्यापलीकडे उत्तर नसते. पण अंधारात, दोघे शेजारी चालताना, नजर कुत्र्याकडे ठेवून मुले बरेच काही बोलतात. कोण मैत्रीण बोलत नाही, कोणत्या विषयाची भीती वाटते, हे आम्हाला त्या फेरीतच कळले. आणि ते पुष्कळसे मराठीतून कळले, कारण तिच्या मते टोबीला मराठी येते.

एका घरच्या अनुभवावर सर्वांना शहाणपण सांगू नये, हे खरे. म्हणून अभ्यासकांनी काय पाहिले तेही सांगतो. वर सांगितलेल्या लंडन-बर्मिंगहॅम-लेस्टरच्या पाहणीतच, ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशी मुले इतरांपेक्षा दिवसाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास पावले जास्त चालतात, असे आढळले. हे २०१० साली छापून आले. कोणी म्हणेल, साडेतीनशे पावले म्हणजे काय मोठे? बरोबर आहे. फार मोठे नाही. घरात कुत्रा नुसता असून भागत नाही, त्याला घेऊन बाहेर पडावे लागते. आणखी कोणी म्हणेल, ज्यांना हिंडण्याची हौस तेच लोक कुत्रा पाळतात, यात कुत्र्याचे श्रेय ते काय? हीही शंका रास्त आहे. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ६०० लहान मुलांवर तीन वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच मुलांची कुत्रा येण्याआधीची व नंतरची हालचाल मोजली होती. ज्या मुलींच्या घरी या काळात कुत्रा आला, त्यांची हलकी हालचाल दिवसाला ५२ मिनिटांनी वाढली. आणि ज्या मुलींच्या घरचा कुत्रा गेला, त्यांची ६२ मिनिटांनी घटली. मुलग्यांत हा फरक इतका ठळक नव्हता. सर्वांत कमी हलणाऱ्या आपल्या लेकीच, हे वर म्हटलेच आहे. तेव्हा हा आकडा आपल्या पालकांनी दोनदा वाचावा.

आता आक्षेपांकडे वळू. ते आम्हाला पाठ आहेत, कारण ते सगळे आम्हीच घेतलेले आहेत.

पहिला आक्षेप भीतीचा. आपल्या पिढीच्या मनात कुत्रा म्हटले की पोटातली चौदा इंजेक्शने उभी राहतात. ती भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस १९११ साली कसौलीला तयार झाली आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात घेतात, चार-पाच वेळा. आणि ब्रिटनमधील कुत्र्यांतून रेबीज १९२२ सालीच हद्दपार झाला आहे. ज्या भीतीने आपण इथल्या शेजारच्या कुत्र्याला पाहून रस्ता ओलांडतो, ती भीती आपण सामानाबरोबर तिकडून आणलेली आहे. आपल्याला पाहून मुलेही रस्ता ओलांडायला शिकतात.

याची दुसरी बाजू मात्र फार महत्त्वाची आहे आणि ती आम्ही ठळकपणे सांगतो. इथल्या कुत्र्यांना सरावलेले मूल सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला गेले, की गल्लीतल्या कुत्र्यापुढेही तसाच हात करते. तिथे हे चालणार नाही. भारतात रेबीज आजही आहे आणि एकदा लक्षणे दिसू लागली, की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. मुलांना विमानात बसण्यापूर्वीच बजावून सांगा. कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर चाटला तर मुलाने ते लपवू नये, आणि आपण रागावू नये. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. बघू उद्या, असे म्हणू नये. मुक्काम मोठा असेल तर जाण्यापूर्वी लस घ्यावी का, हे इथल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरा आक्षेप सोवळ्याओवळ्याचा. आमच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, तेव्हा लेक फिरून आली की दारातच आवाज यायचा, "अगं, कुत्र्याला शिवलीस ना? आधी हातपाय धू, मग देवघराकडे ये!" लेक कुरकुरायची. पण खरे सांगायचे तर आजींचा नियम आरोग्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि क्वचित मुलांच्या डोळ्यांनाही इजा करतात. म्हणून कुत्र्याला वेळच्या वेळी जंतांचे औषध, त्याची घाण पिशवीत उचलणे (न उचलल्यास दंड होतो, आणि व्हायलाच हवा), आणि घरी आल्यावर साबणाने हात धुणे, ही त्रिसूत्री पाळावी. आजींचे सोवळे आणि डॉक्टरांची स्वच्छता यांचे या बाबतीत एकमत आहे. आणि ज्या दत्तगुरूंच्या तसबिरीला आपण हात जोडतो, त्यांच्या पायाशी चार कुत्रे बसलेले आहेत, हे आम्ही आईंना नम्रपणे दाखवून दिले. त्या म्हणाल्या, "ते दत्ताचे आहेत. हा तुमचा आहे." पुढच्याच आठवड्यात त्या शाल गुंडाळून फेरीला आल्या. खिडकीशी बसून दिवस मोजण्यापेक्षा बरे, असे त्यांचे म्हणणे पडले.

तिसरा आक्षेप दम्याचा. स्वीडनमध्ये २००१ ते २०१० या काळात जन्मलेल्या लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली असे दिसले, की ज्यांच्या घरी पहिल्या वर्षी कुत्रा होता, त्यांना शाळेच्या वयात दमा होण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. पण याचा अर्थ कुत्रा हे दम्याचे औषध आहे, असा मुळीच नाही. ज्या मुलाला आधीच दमा किंवा कुत्र्याच्या केसांचे वावडे आहे, त्याच्या आईवडिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

चौथा आक्षेप वेळेचा, पैशाचा आणि भारतवारीचा. आणि इथे आम्ही आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे आहोत! दोघेही नोकरी करणार, घर दिवसभर बंद, दर डिसेंबरला पाच आठवडे भारतात, अशा घरी कुत्रा आणणे म्हणजे त्या मुक्या जिवावर अन्याय आहे. कुत्रा आयुष्यभरासाठी असतो, केवळ नाताळापुरता नव्हे, हे घोषवाक्य इथल्या श्वानप्रेमी संस्थेने १९७८ सालीच दिले. मुलाने हट्ट केला, म्हणून वाढदिवसाला पिल्लू आणायचे आणि सहा महिन्यांनी कोणाच्या गळ्यात मारायचे, हे होता कामा नये. २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालील मुलाला पाळीव प्राणी विकताच येत नाही. म्हणजे कायद्यानेही जबाबदारी मोठ्यांचीच मानली आहे. ज्यांना झेपेल त्यांनी जरूर पाळावा. बाकीच्यांना आमचे सांगणे एवढेच, की कुत्रा पाळू नका, कुत्र्याबरोबर चाला.

कारण फिरवायला कोणी नाही, असे कुत्रे आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत. कोणी वृद्ध आहे, कोणी आजारी, कोणाची रात्रपाळी. वृद्धांच्या कुत्र्यांना फिरवण्यासाठी स्वयंसेवक देणारी सिनॅमन ट्रस्टसारखी संस्था इथे १९८५ पासून काम करते आहे. पण संस्थेपर्यंतही जायला नको, आधी कुंपणापलीकडे विचारा. पंधरा वर्षे शेजारी राहून ज्यांच्याशी "नाइस वेदर" याच्यापुढे बोलणे गेले नव्हते, त्या आजीबाई आज आमच्या दिवाळीच्या फराळाला येतात.

फक्त काही पथ्ये पाळावीत. लहान मुलांना कुत्र्याबरोबर एकटे सोडू नये, मोठे माणूस बरोबर हवेच. अनोळखी कुत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला विचारावे. जेवणारा, झोपलेला किंवा पिल्लांजवळचा कुत्रा असेल तर लांब राहावे. त्याला मिठी मारू नये, तोंडाजवळ तोंड नेऊ नये. मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो, हे विसरू नये. कुत्रा अंगावर धावून आला तर पळू नये, किंचाळू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. आणि आपल्या घरांसाठी एक खास सूचना. प्रेमाने शिऱ्याचा घास कुत्र्याला भरवू नका. त्यातले बेदाणे, तसेच द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि लसूण हे कुत्र्यांना विषासमान आहेत. कांदाभजी तर नकोच नको. नामदेवांच्या कुत्र्याने साधी पोळी पळवली, हे त्याचे शहाणपणच म्हणायचे.

आता शेवटचे, आणि आम्हाला सर्वांत जवळचे. टोबी आता बारा वर्षांचा झाला आहे. नाकाभोवती पांढरा झाला, चढणीवर मागे राहतो. पूर्वी लेक त्याच्यामागे धावायची, आता ती त्याच्यासाठी थांबते. तो कायम राहणार नाही, हे तिलाही कळते. ऑस्ट्रेलियातल्या त्या मुलींचा आकडा वाचताना आम्हाला ५२ पेक्षा ६२ चीच धास्ती वाटली. कुत्रा गेला की मूल परत कोचावर जाते, पूर्वीपेक्षाही खोल. म्हणून आमची इच्छा आहे, की तो आहे तोवर ही फेरी एका घरची न राहता सगळ्यांची व्हावी. सोबत असली की सवय टिकते.

तेव्हा आमची सूचना अशी. महिन्यातल्या पहिल्या रविवारी, मराठी वर्गाच्या आधी एक तास, हॉलमागच्या पार्कमध्ये सगळ्यांनी जमावे. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी तो आणावा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी मुले आणावीत, आणि आजीआजोबांना गाडीत बसवून न ठेवता बरोबर घ्यावे. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, त्यांनी दहा पावले मागून चालावे. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. चहाचा थर्मास आमच्याकडे लागला. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत ही सूचना आम्ही मांडणार आहोत. कोणाचे अनुकूल-प्रतिकूल मत असेल तर जरूर कळवावे, पुढच्या अंकात त्यालाही जागा मिळावी अशी संपादकांना विनंती आहे.

आणि त्या चिमुरड्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. नामदेव किती लांब पळाले, ते काही कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्ही त्याला एवढेच सांगितले, की पहिल्या रविवारी ये, आपण पळून बघू. मात्र तुपाची वाटी घरीच ठेव. आपल्या सर्वांच्याच तब्येतीला ते बरे!